अवयव दिला, पुढे काय?

दान मिळालेल्या मूत्रपिंडाचे भवितव्य शल्यविशारदाच्या हातांवर ठरते, ही समजूत अर्धीच खरी आहे. माणसाच्या आतड्यात वस्ती करून राहणाऱ्या असंख्य जंतूंचाही त्यात वाटा असावा, असे आता दिसू लागले आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी प्रत्यारोपण झालेल्या १३३७ रुग्णांची पाहणी करून २०२४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ज्यांच्या आतड्यातील जंतुसृष्टीचा समतोल ढळला होता, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि, शरीराने परका अवयव झिडकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध आतड्यातील काही जंतू निष्प्रभ करू शकतात, हे प्रयोगशाळेत २०१९ मध्येच दिसून आले आहे. हे औषध कमी पडले तर अवयव नाकारला जातो. अधिक झाले तर तेच मूत्रपिंडाला बाधते.

पैनगंगेच्या दक्षिणेस, जेथे मराठी माणसे पिढ्यानपिढ्या नांदत आली, त्या आदिलाबाद जिल्ह्यातील रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? तेलंगणातील मरणोत्तर अवयवदानाचा कारभार २०१३ पासून ‘जीवनदान’ योजनेमार्फत हैदराबादेतून चालतो. आणि हैदराबाद तेथून सुमारे तीनशे किलोमीटर! प्रत्यारोपण करून गावी परतलेल्या माणसाला दूषित पाण्याने हगवण लागली, तर रक्तातील टॅक्रोलिमस एकाएकी वाढू शकते. अशा वेळी दुकानातून मनाने आणलेली प्रतिजैविके आतड्यातील उपकारक जंतूंचाही संहार करतात. त्यांतील काही तर या औषधाचे प्रमाण आणखी चढवतात. आणि प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपलेल्या रुग्णाने जिवंत जंतूंच्या गोळ्या वैद्याला न विचारता घेणे, हाही धोकाच होय.

म्हणून आमचे म्हणणे असे की, अवयवदानाचे पुण्य शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपू नये. अशा रुग्णाच्या रक्ताचा नमुना जिल्ह्याच्या रुग्णालयातच घेतला जावा, तेथील डॉक्टरला हैदराबादेतील तज्ज्ञाचा सल्ला तत्काळ मिळावा, चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकली जाऊ नयेत आणि गावाला शुद्ध पाणी मिळावे. यांत अशक्य असे काय आहे? उपचारासाठी मुंबई किंवा बांबोळी गाठणाऱ्या आपल्या कोकणातील रुग्णांचा प्रश्नही याहून निराळा नाही. दुःखाच्या घोर क्षणी एखादे कुटुंब आपल्या माणसाचा अवयव देते. त्या दानाची राखण करणे, हे शासनाचे उपकार नव्हेत. ते कर्तव्य आहे.