कंपनीची आरती नको, शिवीही नको



खरीप तोंडावर आला की हदगावच्या बियाणे दुकानांत दोन तऱ्हेचे बोलणे कानी पडते. एक म्हणतो, "मोठ्या कंपनीचं बी हाय, डोळे झाकून घ्या." दुसरा म्हणतो, "समद्या कंपन्या लुटारू." गंमत अशी की दोघेही पिशवी तीच नेतात आणि पक्की पावती कोणीच मागत नाही.

थोडे मागे पाहू. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड ४४' हा संकरित वाण एके काळी घरोघर होता. २००२ मध्ये जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅंटो यांच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे मान्यच केले पाहिजे. पण ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशेच्या वर गेली. त्यात मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली आणि भाव साडेसातशेवर आला. पुढे २०१६ पासून केंद्र सरकारच कमाल भाव ठरवू लागले. भाव उतरला तो शिव्यांनी नव्हे, लेखी तक्रारीने आणि कायद्याने.

दुसरी बाजूही ऐका. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानले नाही. पिशवीवर कंपनीचे नाव मोठे असले म्हणून अळी घाबरत नाही. आणि कडेने लावायचे बिगर बीटी बी आपल्यापैकी किती जणांनी लावले, हेही मनाला विचारा.

बी खोटे निघाले तर? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात निकाल दिला, की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो. ते महामंडळ तर सरकारी! म्हणजे विकणारा खाजगी असो वा सरकारी, जाब दोघांनाही द्यावा लागतो.

मात्र जाब विचारायला कागद लागतो. म्हणून एवढे कराच:

१. पावतीवर वाण, लॉट नंबर, तारीख, किंमत आणि दुकानदाराची सही घ्या.
२. पिशवी खालून फोडा, म्हणजे वरचे लेबल शाबूत राहील.
३. रिकामी पिशवी आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपा.
४. उगवण कमी दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका.

भगिनींनो, हे काम तुमच्याकडे सोपवतो. घरधन्याच्या खिशातली पावती धुण्यात जाते. ती सातबाऱ्याशेजारी पेटीत ठेवा. उद्या मोठ्या कंपनीपुढे उभे राहायची वेळ आली, तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.