झाकलेले चेहरे आणि अर्थाची घाई

बेल्जियन चित्रकार रेने माग्रीत यांनी १९२८ साली ‘प्रेमी युगुल’ या शीर्षकाची एकाहून अधिक चित्रे रंगवली. त्यांतील एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. एक पुरुष व एक स्त्री चुंबन घेत आहेत आणि दोघांचीही मस्तके पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलेली आहेत. त्याचा काळा कोट, तिचे लाल वस्त्र, मागची भिंत, बाकी सारे नेहमीचेच. अतिवास्तववादी चित्राची अस्वस्थता मला या नेहमीच्या वस्तूंतच जाणवते. स्वप्नातही घर आपलेच असते, एखादीच गोष्ट चुकलेली असते.

अर्थ सांगणारे बहुतेक जण चित्रकाराच्या बालपणाकडे धावतात. १९१२ मध्ये, माग्रीत तेरा वर्षांचे असताना, त्यांच्या आईने सांब्र नदीत जीव दिला. मृतदेह सापडला तेव्हा तिचा झगा चेहऱ्यावर गुंडाळलेला होता, असे सांगितले जाते. म्हणून कापड म्हणजे आई! मलाही हे पटले होते. कारण सापडले की आम्हां इतिहासाच्या माणसांना हायसे वाटते. परंतु ते दृश्य मुलाने स्वतः पाहिले होते काय, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. आणि स्वतः माग्रीत यांना आपल्या चित्रांची अशी उकल मान्य नव्हती.

मी वर्गात याच शीर्षकाचे दुसरे चित्र दाखवले. ते ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यात चुंबन नाही (निवासी शाळेतील शिक्षकाचा संकोच वाचक जाणतील). हिरव्या निसर्गासमोर दोन झाकलेली मस्तके एकमेकांना टेकली आहेत, जणू सहलीतले छायाचित्र. आईची हकिकत मी मुद्दामच सांगितली नाही.

एक मुलगा म्हणाला, “सर, दोघं आहेत ना, म्हणून त्यांना भीती वाटत नाही.” वसतिगृहात नवीन आलेली एक मुलगी म्हणाली, “नाही सर, त्यांना एकमेकांचा चेहरा आठवेनासा झालाय.”

तिच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. पण त्या माहितीच्या आधारे तिच्या वाक्याचा उलगडा करणे मला तिच्यावर अन्याय करण्यासारखे वाटले. मग माग्रीत यांच्या बाबतीत आपण इतके निःशंक कसे होतो? घड्याळ म्हणजे काळ, कापड म्हणजे मृत्यू, असे पाठ करून घेतले की मुले चित्र पाहणे सोडून उत्तर शोधू लागतात. चरित्र अवश्य सांगावे, पण डोळ्यांनी आपले काम केल्यानंतर.

पुढच्या तासाला मी सांब्र नदीची हकिकत सांगितली. त्या मुलीने ती शांतपणे ऐकली आणि चित्राची प्रत पुन्हा पाहायला मागितली.