अंगावरून जाणे आणि सूक्ष्मदर्शक

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शाखा हा प्रयोगशाळेतल्यांचा विषय, असे आपण धरून चालतो. नागपूरच्या वस्तीतली बैठक संपली की एखादी बाई मागे रेंगाळते. "ताई, अंगावरून पांढरं जाते जी." सगळेच पांढरे जाणे रोग नव्हे. पण जिवाणू असतील तर औषध एक, बुरशी असेल तर दुसरे. आणि ट्रायकोमोनास हा परजीवी निघाला तर गोळ्या नवऱ्यालाही घ्याव्या लागतात. (हे त्याला सांगायचे कोणी?) लक्षणे पुष्कळदा सारखीच, म्हणून स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा. आमच्या बायकांच्या हाती मात्र बहुधा न तपासता लिहिलेली चिठ्ठी असते.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते, त्यातला निम्मा जंतुसंसर्गाचा. आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के!

नळाचे पाणी तपासा म्हणून आपण मोर्चे नेतो. पुढच्या निवेदनात आरोग्य केंद्रातल्या काचपट्टीचीही मागणी घालू या, आणि नवऱ्याच्या गोळ्यांचीही.