बियाणे बदलले, उतारा कधी बदलणार?

जिल्हा बैठकांचे दिवस आले की विषयपत्रिकेवर भाव, कर्ज, वीज आणि पाणी येते. ते यायलाच हवे. या खेपेस त्यात आणखी एका विषयाची भर घालावी, असे आम्ही सुचवतो. शेतातले काम बदलले. त्याबरोबर आपले घर किती बदलले?

शेतकरी जुनाट, तो बदलायला तयार नसतो, असे शहरातल्या खुर्च्यांवरून वारंवार सांगितले जाते. हा आरोप निखालस खोटा आहे. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे बियाणे आले, ते कोरडवाहू शेतकऱ्याने पेरले. १९७० नंतर संकरित कापूस आला, तोही पेरला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत देशी वाणाची सरकी शोधावी लागू लागली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने घात केला, तेव्हा फरदड घेऊ नये हेही शेतकरी शिकला. नवे तंत्रज्ञान मिळावे म्हणून २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर येथे शेतकऱ्यांनी सरकारी बंदी उघड मोडून पेरणी केली. इतका बदल पचवणाऱ्या माणसाला जुनाट म्हणणाऱ्याने एकदा आपली कचेरी बदलून पाहावी.

पण शेताच्या बांधापर्यंत आलेला बदल घराच्या उंबऱ्यावर अडला आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतजवळचे कासुर्डी घ्या. कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस आला, गुऱ्हाळे आली. पाणी पोचले नाही तिथे पाऊस पडेल तशी ज्वारी-बाजरी. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला कुरकुंभची वसाहत, भीमेपलीकडे रांजणगाव. या टापूत घरातला एक तरी तरुण सकाळी कंपनीच्या गाडीत बसतो. त्यात कमीपणा काही नाही. तोट्याच्या शेतीतून एक माणूस बाहेर पडला तर उरलेल्यांचा भार हलका होतो. मुलगा नोकरीला गेला म्हणून बापाने घर बुडाल्यासारखे तोंड करू नये आणि कंपनीने कामावरून कमी केले म्हणून मुलाने गावात मान खाली घालू नये.

प्रश्न वेगळाच आहे. तो गेला, मग त्याचे काम कोणी केले?

रब्बी ज्वारीची उपटणी हे कंबर मोडणारे काम. भेगाळलेल्या रानात मालदांडीचे ताट मुळासकट उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, कडब्याची गंज रचायची. पूर्वी यात घरचे पुरुष आणि गावातले मजूर असत. आज मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि पुरुष पाळीवर गेलेला असतो. काम घरच्या बाईवर येते. कापसाची वेचणी तर पहिल्यापासून तिचीच. आता फवारणी कधी करायची, खत कोणते आणायचे, जनावर विकायचे की ठेवायचे, हे निर्णयही तीच घेते. शेतकरी बदलला, म्हणजे तो 'ती' झाला.

सातबारा मात्र तिला ओळखत नाही. पीककर्ज सातबाऱ्यावर, विमा सातबाऱ्यावर, नुकसानभरपाई सातबाऱ्यावर. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवर ई-पीक पाहणीने करायची. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आला. त्याच वर्षी कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर मोबाइलवर नाव नोंदवणे आले. पीक तिने उभे केले, पण खाते, क्रमांक आणि मोबाइल ज्याचा, तो दिवसभर कंपनीत. नोंद राहून गेली तर हमीभावही गेला. आणि घरावर आभाळ कोसळले, कर्ता पुरुष गेला, तर वारसनोंदीसाठी तिने किती खेटे घालायचे, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या विधवा बहिणींना विचारा.

ही गोष्ट चळवळीला नवी नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. सरकारकडे आपले देणे मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी घरच्या लक्ष्मीचे देणे फेडावे, हा त्यातला साधा हिशेब. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले की नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिल्यास बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. कागद तयार आहे. अर्ज करणारे हात तेवढे कमी आहेत.

यावर आक्षेप येतात. पहिला, जमिनीचे तुकडे होतील. सहहिस्सेदार म्हणून नाव लागल्याने बांध पडत नाही. भावाभावांच्या वाटण्यांत तुकडे पडले तेव्हा ही काळजी कोणी केली नव्हती. दुसरा, ती जमीन विकून जाईल. आजवर कोरडवाहू जमिनी कोणी विकल्या, याची प्रत्येकाने आपल्या गावात मनातल्या मनात मोजणी करावी. तिसरा आक्षेप वजनदार आहे: भावच नसेल तर तोट्याच्या जमिनीवर नाव लावून तिला काय मिळणार? खरे आहे. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि त्याच ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झाले. एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा जुनाच खेळ आहे. पण भावाची लढाई लढायची तर निम्मे सैन्य बिननावाचे ठेवून कशी लढणार?

२०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. गर्भातच मुली मारल्या गेल्या, त्याची ही वसुली आहे. आणि ज्या घरात राबणे तिचे आणि नाव त्याचे, त्या घरात मुलीच्या बापाने लेक का द्यावी, याचेही उत्तर आपल्याला द्यावे लागेल.

शेतकरी नवे बियाणे सगळ्या रानात एकदम टाकत नाही. आधी दोन सऱ्यांत पेरून पाहतो. रब्बीत हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा, भारी रानात फुले वसुधा, असे जमीन पाहून वाण निवडतो. घरातला बदलही याच शहाणपणाने करावा. पहिल्या हंगामात हिशेबाची वही तिच्या हाती द्यावी आणि ई-पीक पाहणी तिच्या मोबाइलवरून करावी. दुसऱ्या हंगामात पेरणीचा बेत तिला विचारून ठरवावा. आणि उताऱ्यावर नाव लावण्याचा अर्ज मात्र पहिल्याच वर्षी द्यावा, कारण माणसाच्या आयुष्याचा विमा कोणत्याच हंगामात शंभर टक्के नसतो.

शेतकरी भावांनो, बैठकीला येताना आपला सातबारा घेऊन या. आणि ज्या घरात शेत बाई बघते, त्या घरातून बैठकीला तिनेच यावे. खुर्च्या कमी पडल्या तर पुरुषांनी उभे राहावे.