इस्तंबूलचं रील आणि दाभोळची मशीद

इस्तंबूलच्या निळ्या मशिदीसमोर रील काढणाऱ्या माझ्या आयटीतल्या रत्नागिरीकर मित्रांपैकी किती जण दाभोळला गेलेत? आपल्याच जिल्ह्यात, वाशिष्ठीच्या खाडीवर, आदिलशाही काळातली घुमटाची मशीद उभी आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी परतताना याच बंदरातून होर्मुझकडे निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने दाभोळ जाळलं. म्हणजे आखाताशी आपली ओळख नोकरीच्या व्हिसाने झाली, हा समज खोटा आहे.

तरी मुस्लिम मुलूख म्हणजे विमानाने जायची जागा, आणि शेजारच्या मोहल्ल्यातला माणूस परका! ‘तुम्ही मराठी छान बोलता हो,’ असं त्याला कौतुकाने ऐकवतात. मला तरी ही शिवीच वाटते. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी ‘इंधन’ मराठीत लिहिली ती कुणावर उपकार म्हणून नव्हे. त्यांचीच भाषा होती ती.

तुर्कस्तानला जरूर जा, मीही पैसे साठवतोय. पण तिथल्या घुमटाखाली उभं राहून ‘सहिष्णुता’ वगैरे कॅप्शन टाकायच्या आधी घरी एक फोन करा. भाड्याने खोली बघायला आलेल्याचं आडनाव ऐकून ‘कालच गेली’ सांगणारे काका आपलेच असतात.