फुकटाचं नव्हे, सगळ्यांचं!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नांदेडच्या आमच्या होस्टेलमध्ये रात्री दीड वाजता माझा रूम पार्टनर तापाने फणफणला. इंटरकॉम उचलला तर डेड! रेक्टर सरांच्या क्वार्टरला मोबाईलची रेंज नाही. शेवटी भर पावसात गेटवरच्या मामांकडे पळालो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, "या मॉडेलचा पार्ट आता येत नाही, नवीनच घ्या."

मग आम्ही लॅबमधल्या जुन्या पीसीवर ॲस्टेरिस्क बसवलं. मोबाईलमध्ये ॲप टाकलं की वायफायवर एक्स्चेंज तयार! १०१ गेट, १०२ रेक्टर सर. सॉफ्टवेअरचा खर्च शून्य.

पण हा शून्य आला कुठून? १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्सची मदत देणारी छोटी कंपनी काढली. एक्स्चेंज घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने ते स्वतःच लिहिलं आणि जीपीएल लायसन्सखाली खुलं केलं. त्याच कंपनीचं पुढे डिजियम झालं. कॉम्प्युटरला फोनलाईन जोडणारी कार्डं विकायची, त्या कमाईतून प्रोग्रामरचे पगार करायचे, लोकांनी पाठवलेला कोड तपासून घ्यायचा, असा तिचा व्यवहार. २०१८ मध्ये कॅनडाच्या सँगोमाने डिजियम विकत घेतली. काम थांबलं नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वरामध्ये लोक साध्या फोनवरून गोंडीत आपली बातमी सांगू लागले, तेही ॲस्टेरिस्कवरच.

काहीजण म्हणतात, कंपनी आली की स्वातंत्र्य गेलं. मला हे पटत नाही. गावच्या विहिरीचाही गाळ कुणीतरी काढावाच लागतो. आणि उद्या कंपनीने हात वर केले तरी खुला केलेला कोड आपल्याकडे राहतोच, कुणीही तो पुढे चालवू शकतो. आमच्या इंटरकॉमचं तसं होतं का?

खरा प्रश्न आपला आहे. आपण नुसतं डाउनलोड करतो! लातूरच्या माझ्या मित्राने आमची सेटिंग फाईल त्यांच्या होस्टेलसाठी नेली. सरांनी फोन उचलला नाही तर कॉल गेटकडे वळायला हवा, तो वळतच नव्हता. त्याने चूक शोधली, दुरुस्त केली आणि फाईल परत पाठवली. ओपन सोर्स म्हणजे दुसरं काय हो?

तेव्हा फायनल इयरचा रिपोर्ट कपाटात धूळ खात ठेवण्यापेक्षा सापडलेली एक चूक कळवा, मराठीत एखादं माहितीचं पान लिहा. घेतलंय तर थोडं परत देऊ या.

आणि हो, रात्री अडचण आलीच तर १०१ लावा. मामा उचलतात!