विजेच्या गाडीस पेट्रोल इंजिन : आधी हिशेब, मग पाना

शेतमाल वाहणाऱ्या विजेच्या छोट्या गाडीची बॅटरी निकामी झाली की, मोटर काढून पेट्रोल इंजिन बसवावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ इंजिन बसवून काम भागत नाही, असे आमचे मत आहे.

विजेची मोटर उभ्या गाडीसही पूर्ण जोर देते व उलटीही फिरवता येते. इंजिनास मात्र क्लच आणि मागे जाण्याचा गिअर जोडावा लागतो. इंजिनाचे मिनिटास ३,६०० फेरे, चाकाचा व्यास १८ इंच व वेग ताशी १५ किलोमीटर धरल्यास फेरे सुमारे २१ पटींनी कमी करावे लागतात. हा हिशेब चुकल्यास चढणीवर गाडी अडते व क्लच जळतो.

टाकी सायलेन्सरपासून दूर असावी, साखळीवर झाकण असावे. बंद गोठ्यात इंजिन कधीही चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. नोंदणीकृत वाहनात असा बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवानगीवाचून करता येत नाही.

म्हणून ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंस प्रथम बॅटरी तपासून घेण्यास सांगावे. दोष गंजलेल्या जोडणीत किंवा एकाच बॅटरीत निघाला, तर हा सारा खटाटोप व खर्च वाचेल.